भाऊबंदकी आपली, स्वातंत्र्य त्यांचे?

'जमीन आणि साहित्य' या विषयावरचे चर्चासत्र असले की एक विधान हमखास कानावर पडते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतली जमीन ही बांधांची, वाटण्यांची आणि भाऊबंदकीची जमीन. अमेरिकी कादंबरीतली जमीन मात्र मोकळ्या माळाची, एकट्या माणसाच्या पराक्रमाची. आपल्याकडे माणूस वारस म्हणून जन्मतो, तिकडे तो स्वतःच्या हातांनी स्वतःला घडवतो. विधान ऐकायला चांगले वाटते आणि परीक्षेत लिहायला सोयीचे असते. आम्ही दोघे गेली सतरा-अठरा वर्षे दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि कबूल करायला हवे, की तौलनिक साहित्याच्या तासाला आम्हीही ते फळ्यावर लिहिलेले आहे. ते चुकीचे आहे. नुसते चुकीचे असते तर एका तासाला लिहून दुसऱ्या तासाला पुसता आले असते. परंतु त्यातून जमीनविषयक साहित्य वाचण्याची एक वाईट सवय आपल्याला लागली आहे आणि आमचा वाद त्या सवयीशी आहे.

या विधानाचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने 1893 मध्ये शिकागोत वाचलेल्या निबंधात असे मांडले, की अमेरिकी माणसाचा स्वभाव, त्याची लोकशाही, त्याची व्यक्तिनिष्ठा हे सारे 'फ्रंटियर'ने, म्हणजे पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या वसाहतीच्या सीमेने घडवले. अमेरिकी इतिहासकारांनी या मांडणीची चिरफाड करून आता कित्येक दशके लोटली. आपल्या टिपणवह्यांत मात्र ती अजून ठणठणीत आहे. घोडा, बंदूक, गवताळ माळ आणि क्षितिज. या चित्रात कचेरी कोठेही नाही.

आणि कचेरी तर होतीच. टेरिटरी स्थापन करणारे कायदे पाहा. त्यांत सर्वोच्च न्यायालय, जिल्हा न्यायालये, प्रोबेट न्यायालये आणि जस्टिस ऑफ द पीस अशी न्यायव्यवस्थेची मांडणी मुळातच केलेली दिसते. म्हणजे राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी, पुष्कळदा रेल्वे पोहोचण्यापूर्वी, मेलेल्या माणसाच्या मालमत्तेचा निवाडा करणारा अधिकारी तेथे पोहोचलेला असे. 'प्रोबेट' म्हणजे काटेकोर अर्थाने मृत्युपत्र सिद्ध करून घेणे. परंतु या न्यायालयाचे काम त्याहून बरेच मोठे होते. मृत्युपत्र नसेल तर वारस ठरवणे, व्यवस्थापक नेमणे, अज्ञान मुलांना पालक नेमून देणे, त्या पालकाचा हिशेब तपासणे हे सगळे याच टेबलावर होई. आपल्या वाचकांसाठी सांगायचे तर तलाठ्याचा फेरफार, दिवाणी कोर्टाचा वाटपाचा दावा आणि सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणून लागणारी अज्ञान पालनकर्त्याची नोंद, या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती दिल्या तर जे होईल ते.

या न्यायालयाची कार्यपद्धती साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी पाहायला हवी. घरचा कर्ता मेला की अर्ज होई. जामीन घेऊन व्यवस्थापक नेमला जाई. मग त्या कुटुंबाशी हितसंबंध नसलेले, बहुधा तीन, पंच घरी येत आणि यादी करत : जमीन, नांगर, बैलजोडी, चुलाणे, घड्याळ, उभे पीक, आणि प्रत्येकासमोर किंमत. ऋणकोंनी व धनकोंनी पुढे यावे म्हणून नोटीस निघे. विधवेसाठी काही वस्तू व निर्वाहापुरती रक्कम बाजूला काढली जाई. ही तरतूद खरी होती आणि तिने अनेक घरे तगली, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. केवळ लुटीचीच कथा आम्हाला सांगायची नाही. त्यानंतर कर्ज फेडायचे, जंगम मालातून भागले नाही तर कोर्टाच्या हुकमाने जमीन विकायची, आणि उरेल ते वारसांत वाटायचे. जमिनीचे तुकडे नुकसानीशिवाय पडत नसतील तर एका वारसाने ती ठरलेल्या किमतीला घ्यावी व बाकीच्यांना पैसे द्यावेत, नाहीतर सरळ लिलाव. 'सरस-निरस मानाने वाटप' हा आपल्या वाटपपत्रांतला शब्दप्रयोग तेथील पंचांना अपरिचित वाटला नसता.

ज्याला आपण मोकळा माळ म्हणतो त्याच्या मुळाशी असलेला होमस्टेड कायदा (1862) तर याहून बोलका आहे. 160 एकर सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहा, ती कसा आणि मालक व्हा, एवढेच आपण शिकवतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात दावेदार मुदत पुरी होण्याआधी मेला तर काय करायचे ते लिहिले आहे : त्याच्या विधवेने, तीही नसेल तर वारसांनी वा मृत्युपत्राने नेमलेल्याने तो दावा पुरा करावा. पुढे आणखी एक शक्यता धरली आहे. आई आणि बाप दोघेही मेले आणि मागे एकवीस वर्षांखालची मुले राहिली तर हक्क त्या मुलांचा. आणि व्यवस्थापकाला वा पालकाला मागे राहिलेल्या पालकाच्या मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत त्यांच्या हितासाठी ती जमीन विकता येईल. ज्या कायद्यातून 'एकट्या माणसाचा पराक्रम' जन्मला असे आपण म्हणतो, त्या कायद्याच्या मसुदाकारांना त्या माळावर पोरकी होणारी मुले आधीच दिसत होती. कादंबरीकाराच्या आधी हे दृश्य कायद्याने लिहिले, आणि आपण मात्र घोड्याकडे पाहत राहिलो.

आता प्रत्यक्ष साहित्याकडे येऊ. विला कॅथरची 'ओ पायोनियर्स!' (1913) ही कादंबरी आपल्याकडे 'मातीशी एकरूप झालेल्या स्त्रीची गाथा' म्हणून सांगितली जाते. जॉन बर्गसन हा स्वीडिश वसाहतकार नेब्रास्कात अकरा वर्षे झगडून मरणाला टेकतो. त्याच्याकडे 640 एकर जमीन आहे. तीतला निम्मा भाग स्वतःच्या दाव्यांचा आणि निम्मा हार मानून शहरात परतलेल्या धाकट्या भावाच्या दाव्याचा. मरताना तो मुलांना सांगतो, की बहिणीच्या सल्ल्याने चाला, एकत्र राहा. आणि पुढे लग्ने होऊन वेगळी घरे हवीशी वाटली तर जमीन कोर्टाच्या रीतीप्रमाणे न्यायाने वाटून घ्या. कोर्टाचा हा उल्लेख कोणत्या समीक्षालेखात आला आहे? आमच्या वाचनात तरी आलेला नाही. क्षितिज पाहत मरणारा पायोनियर नव्हे, वाटणीची तजवीज करून मरणारा बाप कॅथरने रंगवला आहे. आपल्या कोणत्याही गावातल्या खाटेवरचा म्हातारा जे बोलेल तेच तो बोलतो.

पुढे वाटणी होते. अलेक्झांड्राची जमीन तिच्या अकलेने वाढते. ती कार्लशी लग्न करील अशी शंका येताच ऑस्कर आणि लू हे दोघे भाऊ दारात उभे राहतात. त्यांचे म्हणणे असे, की नाव कोणाचेही असो, कुटुंबाची मालमत्ता शेवटी घरातल्या पुरुषांची, कारण जबाबदारी त्यांची. अलेक्झांड्रा उत्तर म्हणून मातीवरच्या प्रेमाची भाषा करत नाही. ती त्यांना सांगते, की काउंटीच्या कारकुनाकडे जा आणि माझ्या जमिनीचा मालक कोण ते विचारा. 'मातीशी एकरूप' झालेली ही बाई स्वतःच्या बचावाला माती काढत नाही, दप्तर काढते! तिचे सामर्थ्य तिच्या स्वभावात जेवढे आहे तेवढेच ते त्या कागदावरच्या नावात आहे. आणि कादंबरी हे जाणते, आपली समीक्षा जाणत नाही.

येथवर कोणी म्हणेल, ठीक आहे, भाऊबंदकी तिकडेही होती. विधानात एवढी दुरुस्ती करू आणि पुढे जाऊ. आमचे म्हणणे एवढ्यावर भागत नाही. वाटणीला आपण नेहमी स्वभावाचा प्रश्न मानतो : लोभ, मत्सर, बायकांची कानभरणी (हा तर ग्रामीण कथेचा हुकमी एक्का), तुटत चाललेले एकत्र कुटुंब. न्यायालय जणू या भांडणात मागाहून येणारा तटस्थ मापाडी. वस्तुतः क्रम उलटा आहे. जमीन वाटण्यापूर्वी न्यायालयाला कुटुंब ठरवावे लागते. बायको कोण, औरस कोण, अज्ञान कोण, सज्ञान असूनही व्यवहाराला असमर्थ कोण, हे ठरल्यावाचून भागाकार सुरूच होत नाही. जमिनीची वाटणी ही दुसरी वाटणी आहे. पहिली माणसांची होते, आणि ती कागदावर होते.

हे सर्वांत उघड दिसते ते ओक्लाहोमात. चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांची जमीन सामाईक होती. 1898 च्या कर्टिस कायद्यानंतर ती माणशी तोडून देण्यात आली. त्यासाठी एक लाखाहून अधिक लोकांची नावे याद्यांत चढवली गेली, नावासमोर रक्ताचा अपूर्णांक लिहिला गेला. म्हणजे ज्यांच्यात खासगी वारसा ही कल्पनाच या रूपात नव्हती, त्यांना प्रथम मालक बनवले आणि मालक झाल्यामुळे त्यांचे वारस निघू लागले. क्रीक आणि चेरोकी समाजांत कूळ आईकडून चाले. मुलाच्या वाढीत मामाचा अधिकार मोठा. राज्याच्या वारसा कायद्यात त्या मामाला रकानाच नव्हता. 1907 मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले, आणि 27 मे 1908 च्या संघीय कायद्याने या राष्ट्रांतल्या अज्ञान मुलांच्या जमिनी काउंटीच्या प्रोबेट न्यायालयांच्या ताब्यात गेल्या. त्या जमिनींखाली तेल निघू लागले होते.

पालकत्व हा तेथे धंदा झाला. केट बर्नार्ड ही राज्याची पहिली धर्मादाय आयुक्त. स्त्रियांना त्या राज्यात मताधिकार नव्हता त्या काळात, 1907 मध्ये, निवडून आलेली. तिने नोंदवले आहे, की तीन अनाथ मुले तिला झाडाच्या ढोलीत झोपताना, आसपासच्या शेतघरांतून मिळेल ते खाऊन जगताना सापडली; त्यांच्या कागदोपत्री पालकाच्या नावावर आणखी 51 मुले होती. त्यांच्या जमिनींचा हिशेब ती मागू लागली तेव्हा विधिमंडळाने तिच्या खात्याचा पैसा तोडला. कायदा मोडून हे झाले असते तर ती गुन्ह्यांची कथा ठरली असती. नेमणुका, जामीन, मूल्यांकन, विक्रीचा हुकूम, हिशेब, सगळे कागद रीतसर होते. इतिहासकार अँजी डेबो हिने हे सारे दप्तर उपसून 'अँड स्टिल द वॉटर्स रन' हा ग्रंथ लिहिला, तर तिच्याच राज्यातल्या विद्यापीठ-प्रकाशनाने माघार घेतली आणि तो 1940 मध्ये प्रिन्स्टनहून निघाला.

आणि येथे आमची साहित्याच्या अध्यापकांशी, म्हणजे स्वतःशीही, खरी तक्रार आहे. झित्काला-शा ही यँक्टन डकोटा लेखिका अनेकांना अभ्यासक्रमातून ठाऊक असेल. तिच्या शाळकरी वयाच्या आठवणी, कापलेले केस, तुटलेली भाषा यांवर आपण दलित आत्मकथनांच्या शेजारी ठेवून तास घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु हीच लेखिका गर्ट्रूड बॉनिन या नावाने 1924 मध्ये, चार्ल्स फेबन्स आणि मॅथ्यू स्निफेन यांच्यासह, ओक्लाहोमाच्या प्रोबेट न्यायालयांवर 'ओक्लाहोमाज पुअर रिच इंडियन्स' हा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात लेडसी स्टेची ही सात वर्षांची चॉक्टॉ मुलगी आहे. तेलाच्या जमिनीची वारस, आणि डोंगरातल्या एका खोपटात म्हाताऱ्या आजीपाशी अर्धपोटी राहणारी. पालकाने तिला आजीपासून दूर नेले आणि थोड्याच दिवसांत ती गेली. झित्काला-शाचे हे गद्य आपण कधी का वाचत नाही? कारण ते 'अहवाल' आहे, आणि अहवाल हा वाङ्मयप्रकार आपल्या यादीत बसत नाही. तिचे दुःख आपल्याला वाङ्मय म्हणून चालते. तिने कारकुनाची वही उघडून मालकाचे नाव विचारले की ते समाजशास्त्र होते.

2023 मध्ये 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' हा चित्रपट आला तेव्हा आमच्या काही विद्यार्थ्यांनी तो पाहून विचारले, की नवरेच बायकांना का मारतात? लोभामुळे, असे उत्तर कोणीही देईल, आणि ते अपुरे आहे. ओसेज लोकांच्या खनिज उत्पन्नातला हिस्सा वारसाने जाई. लग्न म्हणजे वारसदारांच्या यादीत शिरकाव. 1925 मध्ये कायदा बदलला आणि निम्मे वा त्याहून अधिक इंडियन रक्त असलेल्या ओसेज व्यक्तीचा वारसा इंडियन रक्त नसलेल्याला मिळणे बंद झाले. लोभाला दार कोणते हे कायद्याला पुरते ठाऊक होते, हेच त्या दुरुस्तीने सिद्ध होते.

इतर राखीव प्रदेशांत 1887 च्या डॉज कायद्याने वाटलेल्या जमिनींचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण 'तुकडीकरण ही भारतीय व्याधी' असे म्हणणाऱ्यांसाठी ते औषध आहे. 1887 मध्ये या लोकांकडे सुमारे 13 कोटी 80 लाख एकर जमीन होती. 1934 मध्ये, वाटपाचे धोरण थांबले तेव्हा, 4 कोटी 80 लाख उरली. जी सरकारच्या विश्वस्तपणाखाली राहिली तिचे मालक वाढत गेले, कारण वारस वाढले आणि जमीन प्रत्यक्ष तोडली गेली नाही, फक्त अपूर्णांक तोडले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1987 च्या होडेल विरुद्ध अर्व्हिंग या निकालात 1305 क्रमांकाच्या एका तुकड्याची हकीकत आहे : 40 एकर, किंमत 8000 डॉलर, मालक 439. त्यांतल्या एक-तृतीयांश मालकांना वर्षाला पाच सेंटपेक्षा कमी खंड मिळे. सर्वांत लहान हिस्सेदाराला 177 वर्षांतून एक सेंट. आणि हे सांभाळण्याचा सरकारी खर्च वर्षाला 17,560 डॉलर! आमच्या सातबाऱ्यांवर हिस्से आणे-पैंत लिहिलेले आम्ही पाहिले आहेत. पै संपली की आमचा तलाठी तरी थांबतो.

लुईझ अर्ड्रिकची 'ट्रॅक्स' (1988) ही कादंबरी या आकड्यांशिवाय वाचता येते काय? येते, आणि आपण तशीच वाचतो : जादू, मिथक, फ्लर पिलेजर ही अरण्याची लेक. पण त्या कादंबरीतला घाव एका भरण्याच्या पावतीवर बसतो. सर्वांनी मिळून जमवलेले पैसे एकाच कुटुंबाच्या वाटणीच्या जमिनीवर भरले जातात आणि फ्लरची जमीन जाते. विश्वासघात नातेवाइकाचा आहे, हे खरे; परंतु नातेवाइकांना एकमेकांचे स्पर्धक बनवणारी पावती आधी छापली गेली होती. जी 'भाऊबंदकी' आपण माणसाच्या मनात शोधतो, तिचा अर्धा भाग त्या पावतीत सापडेल.

आमच्या या म्हणण्यावर ठरलेला आक्षेप येईल : तुम्ही कादंबरीला दप्तराची तळटीप करता. उलट, आम्हाला ती तळटीप वर मजकुरात हवी आहे, कारण लेखकांनीच ती मजकुरात ठेवलेली आहे. कॅथरने ठेवली, अर्ड्रिकने ठेवली. जेन स्मायलीने 'अ थाउजंड एकर्स' (1991) मध्ये किंग लिअरला आयोवाच्या शेतावर आणले तेव्हा वकिलाची कचेरीही आणली. ती काढून टाकून आपण उरलेल्याला 'शाश्वत मानवी भावना' म्हणतो.

आता या वादाला आम्ही का पेटलो तेही सांगून टाकू. आमच्यापैकी एकाच्या घरी काही वर्षांपूर्वी वाटणी झाली. वडील गेले, वारसनोंद झाली, दोन भाऊ आणि एक बहीण अशी तीन नावे लागली. 1994 च्या राज्याच्या आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतरचा हा काळ. बहिणीचा हक्क वादातीत. तिने हक्कसोडपत्र करून दिले. आग्रह कोणी केला नाही, भांडण झाले नाही. 'माहेर तुटू नये' एवढेच सगळे म्हणाले, तीही म्हणाली. साडी घेतली, जेवण झाले. त्या सुमारास तो मराठी ग्रामीण कादंबरीतल्या बहीण-भावाच्या नात्यावर एक निबंध लिहीत होता आणि त्यात 'भारतीय स्त्रीची त्यागवृत्ती' हा शब्द त्याने तीनदा वापरला. निबंध छापून आला. अलेक्झांड्राचा तो प्रसंग पुढे वर्गात वाचताना एका विद्यार्थिनीने विचारले, सर, ती कारकुनाकडे जा म्हणू शकली, कारण तिचे नाव तेथे होते. नाव काढून टाकल्यावर तिने काय म्हटले असते?

निबंध पुस्तकात घेण्याविषयी प्रकाशकाने मध्यंतरी विचारले होते. त्याने तो मागे घेतला आहे. सातबाऱ्यावर मात्र अजून दोनच नावे आहेत. बहिणीला काय विचारायचे, कोणत्या तोंडाने विचारायचे, यावर आमच्या दोघांचे अजून एकमत झालेले नाही.